३६ व्होल्टच्या ई-सायकलला ४८ व्होल्टची बॅटरी बसवावी का?

पायडलपंत
नमस्कार मंडळी. माझ्याकडे कमी किमतीतली साधी ई-सायकल आहे. मागच्या चाकात २५० वॉटचा गिअरवाला हब मोटर, ३६ व्होल्ट १० एएचची (अँपिअर-अवर, बॅटरीच्या क्षमतेचं माप) बॅटरी, आणि कंट्रोलरवर (बॅटरीची वीज मोटरला मोजून देणारा खोका) '३६ व्ही, १५ ए' असं छापलंय. कामावर जायला रोज वापरतो. वाटेत एक लांब चढ आहे. सायकल नवी होती तेव्हा तो चढ आरामात निघायचा. आता बॅटरीच्या काड्या अर्ध्यावर आल्या की चढावर दम तुटतो, आणि कधीकधी डिस्प्लेच बंद पडतो. बटण दाबून पुन्हा चालू केला की सपाटीवर चालते.
बॅटरी तशीही बदलायचीच आहे. तर तिच्याजागी सरळ ४८ व्होल्टची टाकली तर? वेगही वाढेल आणि चढही निघेल असं दोघातिघांनी सांगितलं. कंट्रोलर तोच चालेल का? मोटर जळेल का? ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

वेगमित्र
टाका बिनधास्त! मी केलंय. सायकल अक्षरशः उडते. मोटरला काही होत नाही. तेच मोटर ३६ आणि ४८ अशा दोन्ही लेबलांखाली विकले जातात.

ओहमबाबा
वेगमित्र, मोटरबद्दल तुमचं बरंचसं बरोबर आहे. पण पंतांनी कंट्रोलरबद्दल विचारलंय, आणि धोका तिथे आहे.

आधी आकडे. लिथियम-आयनच्या एका सेलचा नाममात्र व्होल्टेज ३.६ ते ३.७, आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२. ३६ व्होल्टच्या बॅटरीत असे १० सेल एकामागोमाग जोडलेले असतात, म्हणजे फुल चार्जला ४२ व्होल्ट. ४८ च्या बॅटरीत १३ असतात, म्हणजे फुल चार्जला ५४.६. तेव्हा '३६ च्या जागी ४८' असं आपण म्हणतो खरं, पण कंट्रोलरला सकाळी घरातून निघताना ५४.६ दिसतात. त्याने ते सहन करायला हवेत.

३६ व्होल्टच्या स्वस्त कंट्रोलरमध्ये बॅटरीच्या तारांवरचे मोठे कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारे भाग) बऱ्याचदा ५० व्होल्टचे असतात. ४२ ला ते पुरतात, ५४.६ ला नाही. काही कंपन्या दोन्हीकडे एकच बोर्ड वापरतात, त्यात ६३ व्होल्टचे असतात. स्टिकरवरून हे कळत नाही. झाकण उघडून कपॅसिटरच्या अंगावरचा आकडा वाचावा लागतो. मॉसफेटचा (मोटरचा करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) क्रमांकही टिपून घ्या आणि त्याची कमाल व्होल्टेज मर्यादा बघा. ६० व्होल्टचा मॉसफेट ५४.६ वर कागदावर चालतो, पण मोटर बंद-चालू होताना जे झटके येतात त्यांना जागाच उरत नाही. ७५ किंवा १०० चा हवा.

दुसरी गोष्ट लो-व्होल्टेज कटऑफची. तुमचा कंट्रोलर साधारण ३१ व्होल्टला मोटर थांबवतो. १३ सेलच्या बॅटरीला ३१ पर्यंत उतरवलंत तर दर सेल २.४ च्या खाली गेला, म्हणजे सेल खराब व्हायला लागतात. तिथे कंट्रोलर तुम्हाला वाचवणार नाही. फक्त बॅटरीतला बीएमएस (सेलवर लक्ष ठेवून गरज पडली तर वीज तोडणारा बोर्ड) उरतो, आणि बीएमएस ही शेवटची राखण आहे. रोज तिच्यावर भिस्त ठेवू नये.

सायकलस्वारी
वाचनखूण साठवली. ओहमबाबा, असंच लिहीत राहा.

वेगमित्र
ठीक, एक खुलासा करतो. माझ्या कंट्रोलरवर '३६/४८' असं दोन्ही छापलेलं होतं. कपॅसिटर मी बघितले नव्हते. पण चालतंय उत्तम, उन्हाळाही काढला.

चढउतार
पंत, तुम्हाला नक्की काय हवंय? वेग की चढ? या दोन वेगळ्या मागण्या आहेत.

व्होल्टेज वाढवला की मोटरचा बिनओझ्याचा फिरण्याचा वेग त्याच प्रमाणात वाढतो. ३६ वरून ४८ म्हणजे एक तृतीयांश जास्त. पण ओढ, म्हणजे टॉर्क, येतो करंटमधून. मोटरच्या वेटोळ्यातून जेवढे अँपिअर, तेवढी ओढ. कंट्रोलरची मर्यादा तीच राहिली तर १५ अँपिअर गुणिले ३६ म्हणजे ५४० वॉट, आणि १५ गुणिले ४८ म्हणजे ७२०. चढावर फरक पडेल, नाही म्हणत नाही. पण मोटरवर २५० लिहिलंय ते सतत पेलायच्या शक्तीचं. ७२० वॉट लांब चढावर ओतले आणि चाक हळू फिरत असलं, तर त्यातला मोठा वाटा उष्णतेत जातो. गिअरवाल्या हबमध्ये मोटर आतल्या कवचात असतो, त्याची उष्णता बाहेर पडायला वाट फार कमी. आतले गिअर बहुधा नायलॉनचे. चढावर जोर लावून पायडल मारत राहिलात आणि वेग टिकवलात तर मोटर वाचतो. थ्रॉटल पिळून रेंगाळलात तर नाही.

आणि वेग हवा असेल तर आधी एक चाचणी करा. मागचं चाक उचला आणि पूर्ण थ्रॉटल द्या. थ्रॉटल नसेल तर सर्वात वरच्या असिस्टवर (पायडलला मोटरची मदत) पायडल हाताने फिरवा. फुल चार्जवर डिस्प्लेवर किती वेग दिसतो ते लिहून ठेवा. बॅटरी अर्धी झाल्यावर पुन्हा बघा. दोन्ही वेळा आकडा तोच, आणि बरोबर २५ वर अडकलेला, तर ती मर्यादा कंट्रोलरच्या प्रोग्रॅममध्ये आहे. मग ४८ काय, ५२ टाकलीत तरी सायकल २५ नेच जाणार. आकडा बॅटरीबरोबर खाली येत असेल तर मोटर व्होल्टेजच्या मर्यादेला टेकलाय, आणि तिथे व्होल्टेज वाढवून खरंच वेग मिळेल.

ओहमबाबा
चढउतारताई, चाक उचलून बघायची चाचणी सगळ्यांनी खर्च करण्याआधी करावी. कितीतरी लोकांचे पैसे वाचतील.

जुनाजाणता
सगळे मोटर आणि कंट्रोलरबद्दल बोलताहेत. ब्रेकचं काय? २५ वरून ३३ किमी वेग झाला तर गतिज ऊर्जा जवळपास पावणेदोन पट होते, आणि ब्रेक लागल्यावर थांबायचं अंतर जवळपास तेवढ्याच पटीने वाढतं. स्वस्त सायकलींना तारेवर चालणारे डिस्क ब्रेक असतात, पॅड झिजले की तार ताणून घ्यावी लागते, आणि किती जण ती वेळेवर ताणतात? टायर, आरे, पुढचा फोर्क हे सगळं कमी वेग धरून निवडलेलं असतं.

बॅटरीही लवकर संपते. वेग एक तृतीयांशाने वाढला की नुसत्या हवेविरुद्ध लागणारी शक्ती जवळपास २.४ पट होते. ४८ ची बॅटरी घेतली आणि तरी आधीइतकंच अंतर जात नाही, अशी तक्रार येते ती यामुळेच.

कायदाही बघा. युरोपीय संघात आणि भारतातही साधी सायकल म्हणून मिळणारी सूट २५० वॉट आणि ताशी २५ किमी या हद्दीत आहे. त्यापुढे नोंदणी आणि विमा आला. अपघात झाला तर मोटरवर काय छापलंय यावर कोणी थांबत नाही, सायकल प्रत्यक्षात किती वेगाने जाते ते तपासलं जातं.

वेगमित्र
जुनाजाणता, ब्रेकबद्दल पूर्ण सहमत, मी हायड्रॉलिक बसवलेत. पण ३०-३२ च्या वेगाने जाणारी सायकल गाड्यांच्या प्रवाहात जास्त सुरक्षित वाटते असा माझा अनुभव आहे. २० ने जाणाऱ्याला प्रत्येक जण ओलांडायला बघतो, आणि ते ओलांडणंच धोक्याचं असतं.

जुनाजाणता
प्रवाहात सुरक्षित वाटेल, मान्य. पण समोरून वळणाऱ्या गाडीवाल्याला सायकल दिसते आणि तो सायकलच्याच वेगाचा अंदाज बांधतो. तो अंदाज चुकतो तिथे अपघात होतात. आपलं यावर जमणार नाही, राहू द्या.

शंकासुर
माझी शंका. अख्खी नवी बॅटरी कशाला? ३६ च्या बॅटरीला १२ व्होल्टची छोटी बॅटरी सिरीजमध्ये जोडली तर ४८ होतातच की!

ओहमबाबा
नको. अगदी कळकळीने सांगतो, नको.
दोन्हींची क्षमता वेगळी, म्हणजे लहान बॅटरी आधी रिकामी होणार. मोठीत जीव असल्यामुळे करंट वाहत राहतो आणि रिकामीमधून जबरदस्तीने खेचला जातो. तिच्यात बीएमएस नसेल तर सेल उलट दिशेने चार्ज होऊ शकतात. बीएमएस असेल तर तो तोडायला जाईल, पण तोडल्याक्षणी दोन्हींचा एकत्रित व्होल्टेज त्याच्या मॉसफेटवर येतो. १२ व्होल्टच्या बीएमएसचे मॉसफेट ५० व्होल्टसाठी बनवलेले नसतात. ते जळताना बऱ्याचदा आतून जोडलेलेच राहतात. म्हणजे संरक्षण गेलं आणि करंट चालूच.

शंकासुर
बाप रे. विचारलं ते बरं झालं.

गमतीदार
शंकासुर, तुम्ही थांबलात म्हणून बरं. नाहीतर पुढचा प्रतिसाद दोन सायकली जोडून ७२ व्होल्ट करण्याचा आला असता :)

पानापाचर
मी दुरुस्तीचं काम करतो. ओहमबाबांनी कपॅसिटरचं लिहिलंय ते रोज बघतो, म्हणून थोडी भर.

मागे एक कंट्रोलर आला होता, ४८ च्या बॅटरीवर चालवलेला. ॲल्युमिनियमच्या खोक्याचं टोकाचं झाकण काढलं तर बोर्डावर तपकिरी, चिकट ओघळ. मोठ्या कपॅसिटरच्या डोक्यावर फुलीसारख्या खाचा असतात ना, त्या फुगून उघडल्या होत्या. बाजूच्या प्लॅस्टिकच्या आवरणावर '५० व्ही' अजून स्वच्छ वाचता येत होतं. पहिल्या दिवशी असं होत नाही. ५० वाला ५४.६ वर काही दिवस, काही महिनेही तग धरतो, म्हणून लोकांना वाटतं की चालतंय. गरम झालेल्या दुपारी, फुल चार्ज करून निघालं की जातो. वेगमित्र, तुमचं झाकण एकदा उघडून बघाच.

दुसरी जागा म्हणजे बॅटरीच्या व्होल्टेजवरून आतले १२-१५ आणि ५ व्होल्ट तयार करणारा भाग. स्वस्त बोर्डात तिथे एक जाड रेझिस्टर आणि साधा रेग्युलेटर असतो, जास्तीचा व्होल्टेज ते उष्णतेत घालवतात. व्होल्टेज वाढला की तेवढी भर उष्णतेत पडते. रेझिस्टरखालचा बोर्ड काळा पडलेला दिसला की समजावं.

कंट्रोलरबाहेरही बघा. पुढचा दिवा, हॉर्न थेट बॅटरीवर असतील तर ते ३६ चे आहेत का? डिस्प्लेला पूर्ण बॅटरीचा व्होल्टेज जातो. काही डिस्प्ले ३६ आणि ४८ दोन्ही ओळखतात, काही नाही. चालला तरी काड्या ३६ च्या हिशोबाने दाखवेल, म्हणजे बॅटरी संपत आली तरी सगळ्या काड्या भरलेल्याच.

आणि चार्जर! ३६ चा चार्जर ४२ व्होल्ट देतो, ४८ चा ५४.६. दोघांची गोल पिन बऱ्याचदा एकाच मापाची असते. घरात दोन्ही असतील तर ४८ चा चार्जर ३६ च्या बॅटरीत कोणी ना कोणी घालणारच. बीएमएसने अडवलं तर ठीक, नाही अडवलं तर दर सेल ५ व्होल्टच्या वर जाऊन आग. जुनी बॅटरी गेली की जुना चार्जरही घरातून घालवा. निदान दोघांच्या पिना तरी वेगळ्या करून घ्या.

नवशिकी
बॅटरी जोडताना ठिणगी उडते ती कशाची? मला दर वेळी भीती वाटते.

पानापाचर
कंट्रोलरमधले रिकामे कपॅसिटर क्षणात भरतात, त्याची. व्होल्टेज जास्त तेवढी ठिणगी मोठी. कनेक्टरचं तोंड हळूहळू जळून खडबडीत होतं, मग संपर्क बिघडतो. ठिणगी न उडणारे कनेक्टर मिळतात, एक्सटी९०-एस नावाचे. त्यांच्या आत रेझिस्टर असतो, तो आधी टेकतो आणि कपॅसिटर सावकाश भरतो.

आरेकाम
अवांतर, पण शक्ती वाढवणाऱ्यांनी टॉर्क आर्म (हबचा दांडा फिरू नये म्हणून फ्रेमला अडकवायची पट्टी) बसवा. हबचा दांडा फ्रेमच्या खाचेत फक्त दोन सपाट बाजूंवर अडकलेला असतो. मोटर चाक पुढे ढकलतो तेव्हा दांडा तेवढ्याच जोराने मागे पिळतो. ॲल्युमिनियमची खाच मऊ असते, एकदा रुंदावली की दांडा गरकन फिरतो, वायरी पिळून तुटतात आणि चाक सुटू शकतं. मोटर पुढच्या चाकात असेल तर हे टाळूच नका.

पायडलपंत
एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. चढउतारताई, चाक उचलून बघितलं. फुल चार्जला २५, अर्ध्याला २५. म्हणजे मर्यादा प्रोग्रॅमचीच. वेगाचा सोस मला नाहीच, चढ निघाला पाहिजे आणि मध्येच बंद पडायला नको.

चढउतार
मग पंत, तुमच्या पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य सगळ्यांच्या नजरेतून सुटलंय. 'डिस्प्लेच बंद पडतो.' कंट्रोलरने कमी व्होल्टेज म्हणून तोडलं तर मोटर थांबतो, डिस्प्ले चालू राहतो. तुमचा डिस्प्लेही जातो, म्हणजे वीज बॅटरीतूनच तुटतेय. एक तर बीएमएस तोडतोय, नाहीतर जोड सैल आहे. व्होल्टेज कमी पडतोय म्हणून हे होत नाहीये.

ओहमबाबा
ताई, नेमकं पकडलंत. पंत, बॅटरी आणि कंट्रोलरच्या मध्ये बसणारा वॉटमीटर कोणाकडून तरी मागून आणा. हँडलला बांधा आणि चढ चढा. थांबलेले असताना किती व्होल्ट, पूर्ण ओझ्यावर किती व्होल्ट आणि किती अँपिअर, एवढं सांगा. जमलं तर साध्या मल्टिमीटरच्या बारीक वायरी कनेक्टरच्या दोन बाजूंना लावा, प्लसच्या एका बाजूपासून प्लसच्याच दुसऱ्या बाजूपर्यंत, आणि चढावर तिथे किती दिसतं तेही बघा.

पायडलपंत
शनिवारी जाऊन आलो. थांबलेलो असताना ३८.२ व्होल्ट. चढावर १४ अँपिअरला ३२.९. कनेक्टरवर ०.९ व्होल्ट दिसले. वर पोचल्यावर कनेक्टरला हात लावला तर चटका बसला. सोडवून बघितलं, प्लसच्या बाजूचं प्लॅस्टिक पिवळट-तपकिरी झालंय आणि आतली पितळी पट्टी सैल झालीय.

ओहमबाबा
सापडलं. ०.९ गुणिले १४, म्हणजे साडेबारा वॉट त्या बोटभर प्लॅस्टिकमध्ये जळताहेत. कनेक्टर आजच बदला, एक्सटी६० नावाचा घाला, वायर नीट झाळून घ्या. तोवर सायकल चालवू नका.
पण उरलेले ४.४ व्होल्ट बॅटरीतच पडताहेत. तेवढ्याला १४ ने भागलं की ०.३१ ओहम. चार समांतर रांगांच्या निरोगी बॅटरीत हे साधारण ०.१५ च्या आत असायला हवं. तेव्हा सेल थकलेत, किंवा एखादी रांग गेलीय. बॅटरी उघडणं हे जाणकाराचं काम, घरी करू नका.

पायडलपंत
कनेक्टर बदलला. चढावर आता ३३.८ मिळतात, आणि हाताला थंड. बॅटरी जाणकाराकडून उघडून घेतली. १० पैकी ९ गट (समांतर जोडलेल्या सेलचा एक गट) ३.७ च्या आसपास, एक गट ३.४ ला. जोर लागला की तो एकटा तळाला जातो आणि बीएमएस सगळंच बंद करतो, असं ते म्हणाले.
आता प्रश्न तोच. नवी घेताना ३६ की ४८?

चढउतार
तुमच्यासाठी ३६. पण १० एएचऐवजी १४ किंवा १५ ची घ्या. समांतर सेल जास्त, म्हणजे प्रत्येकावरचा भार कमी, म्हणून चढावर व्होल्टेज कमी घसरतो. अंतरही वाढेल. अंतर ठरतं ते वॉट-अवरवर. ३६ गुणिले १५ म्हणजे ५४०, आणि ४८ गुणिले १० म्हणजे ४८०. ४८ आकडा मोठा दिसतो, साठा मात्र लहान. आणि तुमचा कंट्रोलर, डिस्प्ले, दिवा सगळं तसंच राहील. बीएमएस सतत २० अँपिअर तरी देणारा आहे ना, एवढं विचारून घ्या.
'४८ लावली आणि केवढा फरक पडला' म्हणणाऱ्यांपैकी अनेकांना जाणवतो तो फरक नव्या सेलचा असतो, असं माझं ठाम मत आहे. थकलेल्या बॅटरीजागी ताजी ३६ ची लावली असती तरी सायकल तशीच धावली असती.

वेगमित्र
ताई, माझ्या बाबतीत वेगही वाढलाय, तो नव्या सेलने वाढत नाही :) पण पंतांच्या बाबतीत तुमचं पटतंय. आणि हो, आज कंट्रोलर उघडला. कपॅसिटर ६३ व्होल्टचे निघाले! पानापाचर, धन्यवाद. आता निश्चिंत चालवतो. ज्यांना ४८ करायचंच आहे त्यांनी बॅटरी, कंट्रोलर, डिस्प्ले आणि चार्जर असा पूर्ण संच एकत्र बदलावा, नुसती बॅटरी नाही, हे मी आता स्वतःहून सांगतो.

पायडलपंत
ठरलं, ३६ व्होल्ट १५ एएच. जुन्या बॅटरीचं काय करू? ९ गट तर चांगले आहेत. त्यातून काही करता येईल का?

पानापाचर
थकलेल्या पॅकमधल्या सेलचं नवं काही करू नका. चार्ज अर्ध्याच्या खाली आणून ठेवा, टोकांवर इन्सुलेशन टेप लावा, खोक्यात इतर धातूच्या वस्तू टाकू नका, आणि ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. तोवर जिन्याखाली किंवा दाराजवळ ठेवू नका. पेट घेतला तर बाहेर पडायची वाट तिथूनच असते. नव्या बॅटरीलाही हेच लागू, आणि रात्री झोपताना चार्जिंगला लावू नका.

नवशिकी
माझ्याही सायकलचा कनेक्टर चढानंतर गरम लागतो. उद्या सकाळी आधी तोच उघडते.